साखळी साक्ष देते, पण जपणार कोण?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पाच्या निमित्ताने मी आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचे जुने अंक चाळत होते. ग्रंथालयातील कोपऱ्यातल्या कपाटात ते ओळीने लावून ठेवलेले आहेत. काहींची पाने पिवळी पडली आहेत, काहींना कसर लागली आहे. पण सगळे वाचता येतात. त्यांतील सहा वर्षांपूर्वीच्या एका अंकात मराठी विभागाच्या एका उपक्रमाचा वृत्तान्त सापडला. विद्यार्थ्यांनी जवळच्या चार गावांत हिंडून वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. नमुन्यादाखल आठ ओव्या छापल्या होत्या आणि खाली लिहिले होते, "उर्वरित ओव्या पुढील लिंकवर ऐकता येतील." मी ती लिंक एकेक अक्षर पडताळून मोबाइलवर टाइप केली. पान उघडले नाही.

चौकशी करता कळले, की ज्या संकेतस्थळावर ती ध्वनिमुद्रणे विनामूल्य ठेवली होती, त्याने आपली मोफत सेवा केव्हाच बंद केली आहे. तशी सूचना आली होती. पण ज्या ई-मेल पत्त्यावर ती आली तो पत्ता वापरणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला होता. मुलांचे मोबाइल बदलले. गाणाऱ्या बायकांपैकी दोघी आज हयात नाहीत. म्हणजे कागदावर छापलेल्या आठ ओव्या तेवढ्या उरल्या, आणि ज्या कायम राहतील म्हणून आंतरजालावर ठेवल्या त्या गेल्या!

माझा मावसभाऊ संगणकशास्त्र शिकतो. त्याला हे सांगितले तेव्हा तो सहज म्हणाला, "अगं, ब्लॉकचेनवर ठेवायचं ना! तिथलं काही पुसलं जात नाही." त्याच्या त्या वाक्यामागे मी पुढचे तीन-चार महिने लागले. जमेल तेवढे वाचले, त्याला छळून प्रश्न विचारले. शेवटी माझ्या ध्यानात आले, की त्याचे वाक्य अर्धे खरे आहे. आणि राहिलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. ते सांगावे म्हणून हा लेख. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयाला हात घालणे हे धाडसच. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

ब्लॉकचेन म्हणजे मूलतः एक खातेवही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी ऑक्टोबर २००८ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ या तारखेचे बिटकॉइनचे पहिले पान त्या वहीत पडले. सावकाराची वही एकट्या सावकाराच्या घरी असते. त्याने रात्रीतून एखादे शून्य वाढवले तर ऋणकोने दाद कोठे मागावी? या नव्या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. शिवाय तिच्या प्रत्येक पानावर, म्हणजेच ब्लॉकवर, मागच्या पानाचा ‘ठसा’ उमटवलेला असतो. मधल्याच एखाद्या पानावर कोणी खाडाखोड केली, तर त्याच्या पुढच्या सगळ्या पानांवरचे ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडी पडते. पाने अशी एकमेकांत अडकलेली, म्हणून तिला साखळी म्हणायचे.

हा ठसा नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. कोणतीही फाईल, मग ती एक ओळ असो की ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय असोत, एका ठरावीक गणिती क्रियेतून काढली की ठरावीक लांबीची एक संख्या हाती येते. शा-२५६ ही पद्धत अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हा ठसा ६४ अक्षरांत लिहितात. मूळ मजकुरातील एक वेलांटी बदला, सगळा ठसा बदलतो. उलट, ठशावरून मूळ मजकूर मात्र परत मिळवता येत नाही. अंगठ्याच्या ठशावरून माणूस उभा करता येत नाही, तसेच हे.

आपण मराठीचे विद्यार्थी ‘पाठभेद’ या शब्दाशी चांगले परिचित आहोत. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे सत्तेचाळीस वर्षे चालले, तेही प्रतीशी प्रत ताडून पाहत. दोन पोथ्या तंतोतंत एक आहेत की नाहीत, एवढे ठसा क्षणात सांगू शकतो, पण तेवढेच. दोहोंत फरक निघाला तर कोणता पाठ खरा, याविषयी ठसा मुका आहे. ते काम एकनाथांनाच करावे लागणार.

आता प्रश्न असा, की आमच्या ओव्या थेट या वहीतच का चिकटवू नयेत? वहीची रचनाच त्याच्या आड येते. बिटकॉइनमध्ये साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो. त्याला २०१० साली १ मेगाबाइटची मर्यादा घालण्यात आली. २०१७ साली ती थोडी सैल झाली; तरी आमचे एक ध्वनिमुद्रण सुमारे ३ मेगाबाइटचे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या साखळीचा हिशेब मी मावसभावाकडून मांडून घेतला. तेथे कामाचे मोल ‘गॅस’ नावाच्या एककात मोजतात. ३२ बाइट इतकी नवी माहिती साठवायला किमान २०,००० गॅस लागतो. या दराने ३ मेगाबाइटला जवळजवळ १९७ कोटी गॅस लागेल. २०२१ ते २०२४ या काळात एका ब्लॉकची कमाल मर्यादा ३ कोटींची होती. म्हणजे जगातील बाकी सगळे व्यवहार थांबवून ६६ ब्लॉक सलग आमच्या एका आजीच्या ओव्यांना द्यावे लागले असते, तेही रोख पैसे मोजून! कारण उघड आहे. जे वहीत जाते ते प्रत संपूर्ण ठेवणाऱ्या प्रत्येकाला वागवावे लागते. गावच्या चावडीवर दस्ताची नोंद होते. धान्याची पोती कोणी चावडीत आणून टाकत नाही.

म्हणून प्रत्यक्षात असे करतात, की साखळीवर केवळ ठसा आणि पत्ता ठेवायचा, वस्तू दुसरीकडे ठेवायची. ही दुसरी जागा कोणती, याचा विचार बहुधा कोणी करत नाही. मार्च २०२१ मधील लागोपाठच्या दोन दिवसांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसल्या. १० मार्चला फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती-केंद्राला आग लागून एक पाच मजली इमारत जळाली. लाखो संकेतस्थळे बंद पडली. आणि ज्यांच्या राखीव प्रतीही तेथेच होत्या त्यांचे सर्वस्व गेले. दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, क्रिस्टीज या लिलावगृहात बीपल या अमेरिकन चित्रकाराचे संगणकावर केलेले चित्र सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकले गेले. हा व्यवहार ‘एनएफटी’ म्हणजे साखळीवरील मालकीच्या नोंदीचा होता. त्या साखळीवर चित्र नव्हते. ते कोठे आहे याची खूण होती.

अशी खूण किती पोकळ निघू शकते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. एफटीएक्स हा चलनबाजार त्या महिन्यात दिवाळखोरीत गेला. त्याच्यामार्फत तयार झालेल्या कित्येक एनएफटींची चित्रे त्याच्याच संकेतस्थळावर होती. संकेतस्थळ दुसरीकडे वळवले गेले आणि मालकांना चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसू लागली. साखळीवरील नोंद शाबूत होती. सातबारा हातात, पण शेत वाहून गेलेले!

ही उणीव भरून काढण्यासाठी काही साठवण-जाळी उभी राहिली. चलनांच्या भावाची चर्चा वर्तमानपत्रांत होते. या जाळ्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घराचा पाया जसा घर बांधून झाल्यावर कोणी पाहत नाही, तसे त्यांचे आहे.

त्यांपैकी पहिले आयपीएफएस. हुआन बेनेट यांनी २०१४ साली त्याची कल्पना मांडली आणि २०१५ पासून ते वापरात आले. नेहमीची लिंक म्हणजे ‘तिसऱ्या कपाटातील दुसऱ्या फळीवरचे पाचवे पुस्तक’ असे सांगणे होय. कपाट हलवले की पुस्तक हरवले. आणि तेथे कोणी दुसरेच पुस्तक ठेवले तर तेही कळत नाही. आयपीएफएसमध्ये जागेचे नाव घ्यायचेच नाही, वस्तूचा ठसा सांगायचा. ‘असा ठसा असलेली फाईल कोणाकडे आहे?’ असा पुकारा जाळ्यात होतो आणि ज्याच्याकडे असेल तो देतो. देणारा अनोळखी असला तरी भीती नाही, कारण हाती आलेल्या फाईलचा ठसा आपणच काढून ताडून पाहायचा. मोठी फाईल असेल तर तिचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याचा ठसा घेतात, मग ठशांचाही ठसा घेतात. अशा रीतीने वंशवृक्षासारखा एक वृक्ष तयार होतो आणि मूळ पुरुषाच्या जागी एकच ठसा उरतो. ही युक्ती राल्फ मर्कल यांनी १९७९ साली मांडली होती. एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानने विकिपीडियावर बंदी घातली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत याच जाळ्यावर ठेवण्यात आली. ती बंदी जानेवारी २०२० मध्ये उठली.

पण येथेही एक मेख आहे, आणि मावसभावाच्या वाक्यातील उरलेले अर्धे येथेच सापडते. ठसा कायम राहतो. फाईल कायम राहीलच असे नाही. ज्याच्या संगणकावर ती आहे त्याने ‘ही ठेवायची’ असे मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर जागा करण्यासाठी संगणक ती काढून टाकतो. शेवटच्या माणसाने ती सोडली की आपण पुकारा करत बसायचे, ‘ओ’ कोणी देणार नाही.

मग कोणी ठेवावे म्हणून काय करावे? यावर तीन जणांनी तीन उत्तरे दिली. फाइलकॉइन हे जाळे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. त्याने भाड्याचा आणि तारणाचा मार्ग धरला. तेथे जागा देणारा आधी तारण ठेवतो, मग दर २४ तासांनी ‘तुमचा माल माझ्याकडे अजून आहे’ याचा गणिती पुरावा साखळीवर देतो. पुरावा चुकला तर तारणातून दंड कापतात. नुसत्या तोंडी हवाल्यावर तेथे काही चालत नाही.

आरवीव्ह या २०१८ साली सुरू झालेल्या जाळ्याची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. देवळातील नंदादीपासाठी लोक एकरकमी कायम ठेव ठेवतात आणि तिच्या उत्पन्नातून तेल येत राहते. त्याचप्रमाणे येथे एकदाच पैसे भरायचे; त्यांतील मोठा भाग राखीव निधीत जातो आणि पुढे साठवणाऱ्यांना त्यातून मोबदला मिळतो. आजच्या खर्चाने २०० वर्षे पुरेल असा हिशेब धरून ही रक्कम ठरवतात. २४ जून २०२१ रोजी हाँगकाँगच्या ‘ॲपल डेली’ या दैनिकाचा शेवटचा अंक निघाला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी त्याचे लेख याच जाळ्यावर नेऊन ठेवले. मात्र साठवणुकीचा खर्च वर्षागणिक उतरत जाईल, हे या हिशेबात गृहीत आहे. आणि ठेव त्या जाळ्याच्या स्वतःच्या चलनात असल्याने तिचा भाव वरखाली होतो. नंदादीपाची ठेव ज्या बँकेत असते ती बँक बुडाली तर काय, हा प्रश्न येथेही आहेच.

तिसरे उत्तर स्टोर्जचे. त्यात फाईल आधी कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत बदलून घेतात; मग तिच्या प्रत्येक भागाचे ८० तुकडे करून ते निरनिराळ्या संगणकांवर पाठवतात. त्यांतील कोणतेही २९ मिळाले की भाग पुन्हा जुळतो. हे कसे शक्य आहे, असे मला वाटले होते. मावसभावाने सोपे उदाहरण दिले. ७ आणि ५ या दोन संख्या जपायच्या आहेत. त्यांची बेरीज १२ हीही तिसऱ्याकडे ठेवा. आता तिघांपैकी कोणीही एक हरवला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. हेच तत्त्व खूप पुढे नेऊन रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडले. त्यामुळे पूर्ण प्रती दहा ठिकाणी न ठेवता, मूळच्या पावणेतीनपट जागेत काम भागते.

विशेष म्हणजे साखळी चालवणाऱ्यांनीही आता हे उघडपणे मान्य केले आहे. इथेरियममध्ये मार्च २०२४ मध्ये एक सुधारणा झाली. तिच्यानुसार मोठ्या प्रमाणावरील माहिती स्वस्तात टाकण्याची वेगळी सोय झाली. पण ती माहिती सुमारे १८ दिवसच सांभाळायचे बंधन आहे. तेवढ्यात ज्यांना पडताळायचे त्यांनी पडताळावे, ज्यांना जपायचे त्यांनी उचलून न्यावे. साखळी साक्ष देईल, कोठार होणार नाही.

जेथे साक्षच हवी असते तेथे मात्र ती फार उपयोगी पडते. २०२२ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांचे पुरावे पॉलिगॉन या साखळीवर नोंदवण्यात आले. दाखला धारकाच्या हाती असतो. तो खरा की खोटा, एवढेच साखळीला विचारायचे. वस्तू माणसाने जपली, साक्ष साखळीने दिली. ओव्यांच्या बाबतीत आमच्या हातून वस्तूच गेली होती. साक्ष असती तरी ती कशाची?

या शोधात मी असतानाच विभागातील मॅडमबरोबर आम्ही पाच जणी त्यांतील दोन गावांना पुन्हा गेलो. ज्या आजी भेटल्या त्यांनी आनंदाने ओव्या सांगितल्या. एका आजींनी सासुरवासाच्या सात-आठ ओव्या म्हटल्या. त्यांत नणंदेचे, दिराचे नाव होते. म्हणून झाल्यावर त्या हात धरून म्हणाल्या, "पोरी, ह्या तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. ती माणसं गावातच हायती." त्या क्षणी मला वाटले, बरे झाले मी मावसभावाचे ऐकले नाही. जे पुसता येत नाही तेथे या ओव्या गेल्या असत्या, तर आजींना शब्द कोणत्या तोंडाने दिला असता? आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मानला आहे. हजार ठिकाणी पसरलेल्या, कोणाच्याच ताब्यात नसलेल्या प्रतीपुढे तो हक्क कसा बजावायचा, याचे सोपे उत्तर या जाळ्यांजवळ नाही. फार तर फाईल कुलूपबंद करून ठेवावी आणि वेळ पडल्यास किल्ली नष्ट करावी. पण किल्ली चुकून हरवली तरी परिणाम तोच होतो. टिकवणे आणि राखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या आजींनी शिकवले.

मग आम्ही काय केले? कोणतेही चलन विकत घेतले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास ‘लॉक्स’ नावाची एक योजना सुरू केली. पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते, हे तिचे सूत्र. तिच्यात निरनिराळी ग्रंथालये एकाच नियतकालिकाच्या प्रती ठेवतात, त्यांचे संगणक आपापसांत त्या ताडून पाहतात आणि बिघडलेली प्रत दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतात. आम्ही त्याचेच लहान रूप केले. ध्वनिमुद्रणांची एक प्रत आपल्या ग्रंथालयात, दुसरी शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयात, तिसरी ज्या गावच्या ओव्या त्या गावच्या शाळेत. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच ओव्या मावसभावाने आयपीएफएसवरही ठेवल्या आहेत. आजींच्या त्या सात-आठ ओव्या यांतील कोठेही नाहीत. त्या एका वहीत आहेत आणि वही मॅडमकडे आहे.

राहिला साक्षीचा प्रश्न. त्याचे उत्तर मला एका जुन्या हकिकतीत मिळाले. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली, म्हणजे बिटकॉइनच्या कितीतरी आधी, कागदपत्रांचे ठसे साखळीने गुंफण्याची रीत सांगितली होती. सातोशीच्या २००८ च्या आराखड्यात त्यांच्या लेखांचा उल्लेख आहे. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. विचार साधा होता: वर्तमानपत्राचा छापलेला अंक हजारो घरांत जातो, तो सगळ्या घरांतून गोळा करून बदलणे कोणालाही शक्य नाही.

आपले वार्षिकही घरोघर जाते. म्हणून संपादक मंडळाच्या परवानगीने ओव्यांच्या संपूर्ण संचाचा ६४ अक्षरी ठसा आम्ही या अंकाच्या शेवटच्या पानावर छापत आहोत. दिसायला ती अर्थहीन अक्षरे आहेत. पण पन्नास वर्षांनी कोणी त्या फाईली काढल्या, तर त्यांत एका श्वासाचाही फेरफार झालेला नाही हे तिला या अंकावरून ठरवता येईल. अर्थात, त्या वेळी फाईली असल्या तर!

त्या असाव्यात म्हणून एक प्रथा पाडण्याचे विभागाने ठरवले आहे. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी तिन्ही ठिकाणच्या प्रती उघडायच्या, ठसा जुळतो की नाही ते पाहायचे आणि निदान एका आजीची ओवी वर्गात सर्वांना ऐकवायची. फाइलकॉइनवर यंत्रे जे दर २४ तासांनी करतात ते आपण वर्षातून एकदा करू. हार्ड डिस्क विभागाच्या दुसऱ्या कपाटात आहे आणि नोंदवही तिच्याजवळच आहे. येत्या वर्षी ही पाळी ज्यांना घ्यायची असेल त्यांनी निकालापूर्वी मला भेटावे. त्यानंतर माझाही ई-मेल पत्ता बदललेला असेल.